कुष्ठरोगाचे मूळ शोधणारे डॉ. हॅन्सन

मनुष्याला प्राचीन काळापासून ठाऊक असलेल्या रोगांमध्ये कुष्ठरोगाइतकी अवहेलना क्वचितच दुसऱ्या एखाद्या रोगाच्या वाट्याला आली असेल. ताप आला किंवा पोटात दुखू लागले, तर घरची माणसे रोग्याच्या उशाशी बसतात, त्याच्या कपाळावरून हात फिरवितात. परंतु कुष्ठरोग झाला असे कळताच तीच माणसे दूर सरत. कोणी या रोगाला महारोग म्हणत, कोणी रक्तपिती म्हणत. कोणी तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानी, तर कोणी देवाचा कोप. रोगी माणूस गावाबाहेर जाई आणि उरलेले आयुष्य दुःखात कंठी. हा रोग पापाने होत नाही, रक्ताच्या नात्यानेही येत नाही, तर एका अतिसूक्ष्म जंतूमुळे होतो, हे ज्यांनी प्रथम ओळखले, ते डॉ. गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन. त्यांचे चरित्र कष्टांनी आणि चिकाटीने भरलेले आहे. त्यात एक मोठी चूकही आहे. आणि तीही आपण जाणून घेण्यासारखी आहे.

युरोप खंडाच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे अरुंद फाटे उंच डोंगरांच्या कुशीत दूरवर शिरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात या फाट्यांच्या काठी शेतकरी आणि कोळी लोकांची लहान लहान घरे विखुरलेली होती. थंडी कडाक्याची, जमीन थोडी आणि पाऊस पुष्कळ. एकेका खोलीत सारे कुटुंब दाटीवाटीने राही. ओले कपडे तेथेच वाळत आणि एका अंथरुणावर तीन-चार माणसे निजत. युरोपातील बहुतेक देशांतून कुष्ठरोग त्या वेळी जवळजवळ नाहीसा झाला होता. परंतु नॉर्वेच्या या किनाऱ्यावर तो वाढत चालला होता. बर्गेन हे त्या भागातील मुख्य बंदर. तेथे सेंट यॉर्गन नावाचे शेकडो वर्षांचे जुने कुष्ठालय होते. रोग्यांची संख्या इतकी वाढली, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याच शहरात आणखी दोन मोठी कुष्ठरुग्णालये बांधावी लागली.

याच बर्गेन शहरात २९ जुलै १८४१ रोजी हॅन्सन यांचा जन्म झाला. त्यांचे वडील व्यापार करीत. घरात एकंदर पंधरा भावंडे, आणि गेरहार्ड हा त्यांतील आठवा. एवढ्या मोठ्या कुटुंबात एकेका मुलाच्या शिक्षणासाठी फारसा पैसा उरत नसे. गेरहार्ड बुद्धिमान होता आणि तितकाच कष्टाळू होता. देशाच्या राजधानीत, म्हणजे आज ज्या शहराला ऑस्लो म्हणतात तेथे, तो वैद्यकाच्या अभ्यासासाठी गेला. शिकता शिकता दुसऱ्यांना शिकवून त्याने आपल्या शिक्षणाचा खर्च भागविला. १८६६ साली तो वैद्यकाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाला.

डॉक्टर झाल्यावर हॅन्सन काही काळ नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर गेले. हिवाळ्यात तेथे मासेमारीचा मोठा हंगाम असतो आणि दूरदूरचे हजारो कोळी आपापल्या नावा घेऊन तेथे जमतात. या कष्टकरी लोकांवर त्यांनी उपचार केले. पुढे १८६८ साली ते बर्गेनला परतले आणि तेथील कुष्ठरुग्णालयात काम करू लागले. ज्या शहरात त्यांचे बालपण गेले होते, त्याच शहराच्या सर्वांत मोठ्या दुःखाशी आता त्यांची गाठ पडली.

रुग्णालयाचे प्रमुख डॉ. डॅनियलसन हे होते. कुष्ठरोगाचे ते त्या काळचे सर्वश्रेष्ठ जाणकार समजले जात. १८४७ साली त्यांनी डॉ. बोएक यांच्यासह या रोगावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यात रोगाची लक्षणे तपशीलवार वर्णिलेली होती आणि रोग्यांची रंगीत चित्रेही दिलेली होती. त्यापूर्वी कातडीचे नाना प्रकारचे विकार कुष्ठ या एकाच नावाखाली मोडत असत. कोणाला साधे कोड असले, खरूज असली, तरी लोक त्याला कुष्ठी ठरवीत. आणि ज्याला खरोखर कुष्ठरोग जडलेला असे, तो कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातही येत नसे. डॅनियलसन यांच्या ग्रंथामुळे खरा कुष्ठरोग कोणता, हे सांगणे डॉक्टरांना प्रथमच शक्य झाले.

हा रोग ओळखणे एवढे अवघड का, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. बहुतेक रोग वेदना देऊन आपली वर्दी देतात. दात किडला तर ठणका लागतो, डोळे आले तर आग होते. कुष्ठरोगाची रीत याच्या उलट आहे. तो वेदना घेऊन येत नाही. असलेली संवेदना घेऊन जातो. प्रथम अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा उमटतो. तो खाजत नाही की दुखत नाही. त्यावर घाम येत नाही, आणि तेथे कापसाचा पेळू टेकविला तरी स्पर्श कळत नाही. जे दुखत नाही त्याकडे कोण लक्ष देतो? म्हणून पहिली काही वर्षे तशीच निघून जातात. तोवर कोपराच्या आतील बाजूची, गुडघ्याखालची किंवा मानेतील मज्जातंतूची दोरी जाड होते. हाताची करंगळी वाकू लागते, पायाची पकड सुटते, आणि कधी डोळ्यांची पापणी नीट मिटत नाही. बधिर झालेल्या हाताला चुलीचा चटका बसला तरी कळत नाही, पायात काटा मोडला तरी समजत नाही. जखमा चिघळत जातात आणि शेवटी बोटे झिजून आखूड होतात. लोकांना दिसते ती ही शेवटची अवस्था. ती पाहून ते घाबरतात. परंतु रोगाचा आरंभ त्यापूर्वी पुष्कळ वर्षे झालेला असतो.

डॅनियलसन यांनी रोगाची लक्षणे अचूक वर्णिली होती; तथापि रोगाचे कारण सांगताना मात्र ते चुकले. एकाच कुटुंबात हा रोग पुनःपुन्हा आढळतो, हे त्यांनी पाहिले होते. त्यावरून तो आनुवंशिक असावा, म्हणजे आईबापांकडून मुलांकडे रक्तातून येत असावा, असे त्यांचे ठाम मत झाले होते. तो संसर्गाने होत नाही याची त्यांना इतकी खात्री होती, की रोग्याच्या गाठीतील द्रव्य त्यांनी स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही, आणि त्यांचे मत अधिकच दृढ झाले. युरोपातील बहुतेक विद्वान डॉक्टरही त्या काळी याच मताचे होते.

तरुण हॅन्सन यांना मात्र हे पटेना. त्यांनी असा विचार केला, की एका घरात राहणाऱ्या माणसांचे रक्त एक असते हे खरे. पण त्यांचे अंथरूण, पांघरूण आणि ताटवाटीही एकच असतात. मग रोग रक्तातून आला की सहवासातून आला, हे नुसते कुटुंब पाहून कसे ठरविणार? हे कोडे सोडवायचे, तर रुग्णालयात बसून भागणार नव्हते. तेथे येत ते बहुधा रोग बळावलेले लोक. रोग कोठून व कसा सुरू होतो हे पाहण्यासाठी रोग्याच्या गावी जाणे आवश्यक होते.

हॅन्सन यांनी उन्हाळ्याच्या दिवसांत किनाऱ्यावरील खेड्यांचे दौरे सुरू केले. कधी नावेतून, कधी डोंगरवाटांनी पायी ते एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जात. या घरात प्रथम कोण आजारी पडले, त्याच्याजवळ कोण निजत असे, कोण परगावी गेले, कोणाला रोग झाला आणि कोणाला झाला नाही, या सर्व गोष्टी ते बारकाईने विचारून टिपून ठेवीत. या कामात त्यांना एका गोष्टीचे मोठे साहाय्य झाले. नॉर्वेच्या सरकारने १८५६ सालापासून देशातील प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला होता. एखाद्या रोगाची अशी देशव्यापी नोंदवही जगात त्यापूर्वी कोणी ठेवली नव्हती. त्या नोंदवहीत आरंभी सुमारे तीन हजार रोग्यांची नावे होती. हॅन्सन यांनी त्या नोंदींचे परिशीलन केले. ज्या भागांतील अधिक रोगी रुग्णालयांत जाऊन राहिले होते, त्या भागांत नवे रोगी अधिक वेगाने कमी झाले होते. रोग जर रक्तातूनच येत असता, तर घरातील एक रोगी दूर गेल्याने इतरांचा बचाव का व्हावा? आकड्यांनी दिलेले हे उत्तर स्पष्ट होते. रोग एकापासून दुसऱ्याकडे जात होता.

परंतु जातो म्हणजे काय जाते? ते डोळ्यांनी दाखविल्यावाचून विद्वानांचे समाधान होणार नव्हते. १८७० साली हॅन्सन अधिक अभ्यासासाठी जर्मनीतील बॉन व पुढे ऑस्ट्रियातील व्हिएन्ना या शहरांत गेले. तेथे सूक्ष्मदर्शक यंत्राने शरीराच्या पेशी पाहण्याची कला त्यांनी अधिक चांगली आत्मसात केली. परत आल्यावर ते आपल्या यंत्रासमोर तासन् तास बसू लागले. रोग्याच्या कातडीवरील गाठीला लहानसा छेद द्यावा, त्यातील द्रव्य काचेच्या पट्टीवर घ्यावे आणि ते निरखून पाहावे, हा त्यांचा नित्यक्रम झाला. आज सूक्ष्म जंतू दिसावेत म्हणून त्यांना रंग देतात. त्या काळी ही युक्ती अद्याप बाल्यावस्थेत होती. रंगहीन पेशींच्या गर्दीत रंगहीन जंतू शोधणे म्हणजे धुक्यात पांढरा धागा शोधण्यासारखे होते.

१८७३ सालाच्या आरंभी हॅन्सन यांचा विवाह डॉ. डॅनियलसन यांच्या कन्येशी झाला. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस, नेहमीप्रमाणे गाठीतील द्रव्य पाहत असता, त्यांना पेशींच्या आत बारीक काड्यांसारखे काहीतरी दिसले. दुसऱ्या रोग्याच्या गाठीतही तशाच काड्या दिसल्या, आणि तिसऱ्याच्याही. हेच कुष्ठरोगाचे जंतू. रोगाचे मूळ अखेर मानवाच्या दृष्टीस पडले होते. क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली शोधला. हॅन्सन यांचा शोध त्याच्याही नऊ वर्षे आधीचा. परंतु या यशाचा आनंद त्यांच्या घरात फार काळ टिकला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांची तरुण पत्नी क्षयरोगाने मरण पावली.

दुःख बाजूला सारून हॅन्सन पुन्हा कामाला लागले. १८७४ साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यांचे मत डॅनियलसन यांच्या मताच्या अगदी विरुद्ध होते. डॅनियलसन हे त्यांचे वरिष्ठ, गुरू आणि सासरेही होते. तरीही हॅन्सन यांनी सत्य सांगताना संकोच केला नाही. आणि डॅनियलसन यांनीही मतभेदामुळे जावयाच्या कामात अडथळा आणला नाही. पुढे हॅन्सन यांनी दुसरा विवाह केला. त्यांना मुलगा झाला, तेव्हा त्याचे नाव त्यांनी डॅनियलसन यांच्या नावावरूनच ठेवले.

याच सुमारास आपल्या मुंबईचा आणि बर्गेनचा एक संबंध जुळून आला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे इंग्रज डॉक्टर काम करीत होते. मानवी शरीररचनेवरील ग्रे यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे हेच ते कार्टर. मुंबई इलाख्यातील कुष्ठरोग्यांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला होता. १८७३ साली ते मुद्दाम नॉर्वेला गेले आणि तेथील रुग्णालये व रोग्यांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. पुढच्या वर्षी त्यांनी नॉर्वेतील व्यवस्थेविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला आणि हिंदुस्थानातही अशीच काही सोय व्हावी, असा आग्रह धरला.

हॅन्सन यांच्यापुढे आता एक मोठी अडचण होती. जंतू दिसले खरे; पण तेच रोगाचे कारण आहेत, हे सिद्ध कसे करायचे? त्यासाठी जंतू शरीराबाहेर वाढवून दाखवावे लागतात, किंवा एखाद्या प्राण्याला टोचून त्यास तो रोग झालेला दाखवावा लागतो. हॅन्सन यांनी दोन्ही मार्गांनी पुष्कळ खटपट केली. जंतू काचपात्रात वाढेनात आणि सशांना रोग होईना. हा त्यांच्या कौशल्याचा दोष नव्हता. कुष्ठरोगाचा जंतू काचपात्रात वाढविणे आजपर्यंत कोणालाही साधलेले नाही. १८७९ साली नायसर नावाचा एक तरुण जर्मन डॉक्टर बर्गेनला आला. हॅन्सन यांनी मोकळ्या मनाने त्याला आपले काम दाखविले आणि तपासण्यासाठी नमुनेही दिले. नायसर याने मायदेशी जाऊन नव्या रंगांच्या साहाय्याने तेच जंतू स्पष्ट दाखविले आणि शोधाचे श्रेय आपल्याकडे घेतले. तेव्हा हॅन्सन यांनी आपल्या आधीच्या संशोधनाची सर्व हकीकत प्रसिद्ध केली. पुढे जगाने मूळ शोधाचा मान हॅन्सन यांनाच दिला.

पुरावा मिळत नाही, या अस्वस्थतेतच हॅन्सन यांच्या हातून एक गंभीर अपराध घडला. १८७९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या रोग्याच्या गाठीतील द्रव्य टोचले. ही स्त्री कुष्ठरोगाच्या एका प्रकाराने पीडित होती. तिला दुसऱ्या प्रकारच्या गाठी होतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. या प्रयोगासाठी त्यांनी तिची संमती घेतली नव्हती; ती नकार देईल म्हणून तिला काही सांगितलेही नव्हते. त्या बिचारीला वेदना झाल्या आणि मोठे भय वाटले. प्रयोगातून काहीही सिद्ध झाले नाही. हे प्रकरण न्यायालयात गेले. हॅन्सन यांनी आपले कृत्य नाकारले नाही. १८८० सालच्या मे महिन्यात न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि बर्गेनच्या रुग्णालयातील डॉक्टरचे त्यांचे पद काढून घेतले.

या घटनेचा विचार शांतपणे करावयास हवा. डॅनियलसन यांनी रोगाचे द्रव्य टोचून घेतले ते स्वतःच्या देहात. हॅन्सन यांनी ते टोचले एका असहाय स्त्रीच्या डोळ्यात. हेतू ज्ञानाचा असला, तरी दुसऱ्याच्या शरीरावर आपला अधिकार चालत नाही. रोगी दरिद्री असो, अशिक्षित असो, सर्वांनी टाकलेला असो. त्याच्या होकारावाचून त्याच्यावर प्रयोग करता येत नाही. नॉर्वेच्या न्यायालयाने एका निराधार स्त्रीचे गाऱ्हाणे ऐकले आणि नामांकित डॉक्टरला दोषी ठरविले, ही गोष्ट त्या देशाला भूषणावह आहे.

रुग्णालयातील पद गेले, तरी हॅन्सन यांच्याकडे असलेले दुसरे काम सरकारने काढून घेतले नाही. १८७५ सालापासून ते नॉर्वेतील कुष्ठरोगविषयक सर्व कामाचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी होते. त्या पदावर त्यांनी अखेरपर्यंत सेवा केली. त्या काळी या रोगावर गुणकारी औषध नव्हते. म्हणून रोग नव्या माणसाला होऊ न देणे, हाच एक मार्ग होता. खेड्यातील निराधार रोग्यांना आळीपाळीने निरनिराळ्या शेतकऱ्यांच्या घरी पोसण्याची जुनी रूढी नॉर्वेत होती. त्यामुळे रोग घरोघर पोहोचे. १८७७ सालच्या कायद्याने ही रूढी बंद झाली. १८८५ साली दुसरा कायदा झाला. त्यानुसार रोग्याने घरी राहायचे असल्यास त्याची खोली, अंथरूण आणि भांडी वेगळी असावीत; तशी सोय होत नसेल, तर त्याने रुग्णालयात राहावे, असे ठरले. माणसाच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असे म्हणून काही लोकांनी या कायद्याला विरोध केला. घरच्या माणसांपासून दूर जाणे रोग्यांना जड गेले असेल, यात संशय नाही. परंतु औषधाच्या अभावी त्या वेळी दुसरा उपाय कोणाला सुचत नव्हता.

रोग रक्तातून येत नाही, याचा आणखी एक पुरावा हॅन्सन यांनी समुद्रापलीकडे जाऊन मिळविला. नॉर्वेतील हजारो कुटुंबे अमेरिकेत जाऊन स्थायिक झाली होती. त्यांत शंभराहून अधिक कुष्ठरोगीही होते. १८८८ च्या सुमारास हॅन्सन यांनी अमेरिकेत जाऊन त्यांच्या वंशजांचा शोध घेतला. प्रशस्त घरांत आणि स्वच्छ राहणीत वाढलेल्या त्या मुलानातवंडांपैकी एकालाही हा रोग झालेला त्यांना आढळला नाही. रक्त तेच होते. पण राहणी पालटताच रोगाची साखळी तुटली होती.

१८९७ साली बर्लिन येथे कुष्ठरोगावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे देशोदेशींच्या डॉक्टरांनी हॅन्सन यांचे मत मान्य केले. १९०९ साली दुसरी परिषद बर्गेन येथेच भरली आणि अध्यक्षस्थानी हॅन्सन होते. तोवर नॉर्वेतील तीन हजार रोग्यांची संख्या काही शेकड्यांवर आली होती. हॅन्सन वृद्ध झाले होते, प्रकृती खालावली होती. तरी त्यांचे दौरे थांबले नव्हते. अशाच एका दौऱ्यावर असता, १२ फेब्रुवारी १९१२ रोजी फ्लोरो नावाच्या किनाऱ्यावरील गावी त्यांचे निधन झाले. ज्या खेड्यांतून त्यांनी तरुणपणी रोगाचा माग काढला होता, त्याच किनाऱ्यावर त्यांच्या जीवनाचा शेवट झाला.

हॅन्सन यांच्यानंतर सुमारे तीस वर्षांनी त्यांचे अपुरे स्वप्न पुरे होऊ लागले. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन जातीच्या औषधाचा कुष्ठरोगावर प्रथमच चांगला गुण दिसला. १९८० नंतर दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. या औषधांनी सहा महिने किंवा एका वर्षात रोग पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू होताच रोग्यापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. म्हणून आता रोग्याला वेगळे ठेवण्याचे कारणच उरलेले नाही. मात्र औषध जंतूला मारते; मेलेला मज्जातंतू किंवा झिजलेले बोट ते परत आणून देत नाही. यासाठी रोग वेळीच ओळखणे, हेच खरे महत्त्वाचे काम आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे काम फार पूर्वी सुरू झाले. वर्धा येथे १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता त्याच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी, घरोघरी जाऊन माणसांची तपासणी केली, लोकांना रोगाची खरी माहिती दिली आणि रोग्याला त्याच्या घरीच ठेवून उपचार केले. हॅन्सन ज्या वाटेने गेले, तीच ही वाट. फक्त आता हातात औषध होते. २००५ सालाच्या अखेरीस आपल्या देशात या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाहून कमी झाले. तथापि रोग संपलेला नाही. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच आढळतात आणि त्यांत लहान मुलेही असतात.

म्हणून अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर तो झाकून ठेवू नये. डोळे मिटून त्यावर कापसाचा हलका स्पर्श करवून घ्यावा. स्पर्श कळला नाही, तर घरच्या वडील माणसांना सांगून त्वरित सरकारी दवाखान्यात जावे. तेथे डॉक्टर कातडी व मज्जातंतू तपासतात आणि जरूर वाटल्यास सूक्ष्मदर्शक यंत्राखाली जंतूही पाहतात. औषध विनामूल्य मिळते. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. पण बधिर चट्ट्याकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

बर्गेनमधील सेंट यॉर्गनचे जुने कुष्ठालय आज संग्रहालय झाले आहे. तेथे एकेका लहानशा खोलीत दोन-दोन रोगी वर्षानुवर्षे राहत. त्या शहरातील कुष्ठरोग्यांच्या नोंदी व कागदपत्रे आता जगाचा मोलाचा ठेवा म्हणून जतन केली जातात. त्या पानांवर हजारो शेतकरी, कोळी, स्त्रिया आणि मुले यांची नावे आहेत. त्यांतील बहुतेकांचा रोग ओळखला गेला तो फार उशिरा, आणि ओळखला तरी त्यावर औषध नव्हते. आज औषध आहे. ते वेळीच रोग्यापर्यंत पोहोचविणे आपल्या हाती आहे.